घर विकताना काय केलंत, काय चुकलं? अनुभव लिहा

आई-बाबांचं घर विकायला काढायचं ठरलंय. तीस वर्षं त्या घरात सामान नुसतं आत येत राहिलं, बाहेर काही गेलं नाही. भाव किती सांगायचा, आधी रंग द्यायचा की आहे तसंच दाखवायचं, यावर आम्हा भावंडांची तीन मतं आहेत. (भावंडं दोनच.) ज्यांनी घर विकलंय त्यांनी लिहा. ऐकीव नको, स्वतःचं.

*

आमचं सात महिने पडून होतं, चढ्या भावापायी. शेजारच्यांनी जाहिरातीत टाकलेला आकडा बघितला आणि आम्ही त्यावर थोडा चढवला, आमच्याकडे ऊन जास्त येतं म्हणून. त्यांचं घर त्या आकड्याला गेलंच नव्हतं, हे मागाहून कळलं. जाहिरातीत मालकाची इच्छा असते हो, भाव बघायचा तो नोंदणी झालेल्या व्यवहारांचा, तोही अलीकडच्या.

पहिले दोन आठवडे फोन थांबत नव्हता, मग शुकशुकाट. दोनदा भाव उतरवला, तर येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारी, "इतके दिवस का पडलंय? काही भानगड आहे का?" शेवटी हाती आलं ते पहिल्याच आठवड्यात एकाने देऊ केलेल्या रकमेपेक्षा कमी. आणखी एक: ऑनलाइन शोधणारे 'अमुकपर्यंत' अशी मर्यादा घालून शोधतात. आमचा आकडा गोल रकमेच्या जरासा वर होता, म्हणजे त्या सगळ्यांना आमचं घर दिसतच नव्हतं.

*

ओल लपवू नका. बेडरूमच्या कोपऱ्यात पोपडे आले होते. आतला गळका पाइप तसाच ठेवून मी तेवढ्याच तुकड्यावर रंग मारला. बघायला आलेल्या बाई बाकी घर न बघता सरळ त्या कोपऱ्यात गेल्या, भिंतीवर तळहात टेकवून पाच-सहा सेकंद तशाच उभ्या राहिल्या. मग बोटं एकमेकांवर चोळली आणि नवऱ्याकडे बघितलं. सौदा तिथेच मोडला.

पुढच्या गिऱ्हाइकाआधी पाइप बदलला, भिंत नीट सुकू दिली, अख्खी रंगवली आणि प्लंबरची पावती त्यांनी विचारायच्या आत पुढे केली.

*

स्वयंपाकघर नवं करून विकू नका. आम्ही केलं. नव्या मालकाने आठवड्यात ओटा फोडला.

*

आमचं अडलं कागदांवर. भाव पटला, बयाणा घेतला, आणि मग कळलं की कर्ज केव्हाच फिटलं तरी कागदोपत्री बँकेचा बोजा तसाच आहे. तो उतरवेपर्यंत घेणाऱ्याच्या कर्जमंजुरीची मुदत संपत आली, आणि त्याने घासाघीस पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. खरेदीखत, कर्जफेडीचं पत्र, कराच्या पावत्या आधी काढून ठेवा. धागावाल्या ताई, घर आई-बाबांचं आहे, तेव्हा नावावर कोण कोण आहे ते आत्ताच बघा. मतं तीन असली तरी चालतील, सही एकही कमी चालत नाही.

*

काहनेमन, नेच आणि थेलर या संशोधकांचा कॉफीच्या मगांचा प्रयोग 1990 साली प्रसिद्ध झाला. काही जणांना कॉफीचे मग फुकट दिले आणि विकायला सांगितले, तर त्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या तयारीच्या दुपटीच्या घरात गेली. हातात येऊन काही मिनिटंच झालेला मग! मी हे वर्गात शिकवते. आणि स्वतःचं घर विकताना जिन्याखालच्या फडताळाचे मनातल्या मनात वेगळे पैसे धरले होते.

तीन एजंटांना भाव विचारला आणि काम दिलं सर्वात मोठा आकडा सांगणाऱ्याला. महिन्याभरात तोच म्हणाला, मॅडम, जरा खाली यावं लागेल.

*

एखाद्या बाहेरच्या माणसाला आत बोलवा आणि दारातच विचारा, कसला वास येतोय? आपल्याला आपल्या घराचा वास येत नाही. आमच्याकडे कुत्र्याचा येत होता. कुत्रा जाऊन वर्ष झालं होतं.

*

धागावालीच लिहितेय. वासाचं वाचून काल भावाच्या मित्राला नेलं. उंबऱ्यातच म्हणाला, "बंद कपाटाचा." रंगाचा विषय तूर्त बाजूला ठेवलाय. आज तीन कपाटं रिकामी केली. खरेदीखत चौथ्यात असावं, पण त्याची किल्ली सापडत नाहीये.