मेन मशिनवर बीटा ब्राउझर टाकणं: हौस की आगाऊपणा?

पासवर्ड_विसरलेला

ऑफिसात सध्या नवीनच साथ आलीये. कुठलंतरी फीचर येणार म्हणून कळलं की लोकांना धीर धरवत नाही, लगेच क्रोमचा बीटा (पक्क्या, म्हणजे स्टेबल व्हर्जनच्या आधीचं चाचणीचं व्हर्जन), कोणी तर थेट कॅनरी, फायरफॉक्सवाले नाइटली (ही दोन्ही रोज बनणारी, बीटाहून कच्ची), आणि टाका ना, माझी हरकत नाही, पण मग त्यातच नेटबँकिंग, त्यातच डिमॅट, त्यातच कंपनीचा मेल. माझं स्पष्ट मत, हा आगाऊपणा आहे. जी वस्तू कंपनी स्वतःच अजून पुरी झाली म्हणत नाही तिच्या भरवशावर पैशाचे व्यवहार कशाला करायचे?

किस्सा जुना आहे पण सांगतोच. ११ जून २००७ ला ॲपलने विंडोजसाठी सफारी ३ या आपल्या ब्राउझरचा पब्लिक बीटा काढला. साइटवर ठळक दावा, आमच्या इंजिनियरांनी सफारी पहिल्या दिवसापासून सुरक्षित बनवलाय. काही तासांत वेगवेगळ्या रिसर्चर लोकांनी त्यात होल काढून दाखवले. त्यातल्या थॉर लारहोमला तर दोन तास पुरले. त्याने काढलेली भानगड अशी की वेबपेजमध्ये एक वाकडी लिंक लिहायची, सफारी ती नीट न तपासताच विंडोजवरच्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे ढकलणार आणि लिंकमध्ये लपवलेली कमांड तिकडे जाऊन चालणार. म्हणजे पेज उघडलं की खेळ खलास. १४ जूनला दुरुस्त केलेला ३.०.१ आला, ठीक, पण मधल्या तीन दिवसांत ज्यांनी हौसेने टाकला त्यांचं काय?

बोला, कोणाला पटत नाही?

गल्लीतला_गीक

मला पटत नाही. साहेब, तुम्ही २००७ चं मढं उकरून आजच्या बीटाला बडवताय. सफारीचा तो विंडोजवरचा पहिलाच अवतार होता, परक्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, आणि तो किती टिकला तेही बघा, २०१२ मध्ये ५.१.७ वर ॲपलने गाशा गुंडाळला. आजचा क्रोम बीटा म्हणजे काय तर काही आठवड्यांनी तुम्ही स्टेबल म्हणून जे वापरणार आहात तेच. सप्टेंबर २०२१ मध्ये क्रोम ९४ पासून दर चार आठवड्यांनी नवीन व्हर्जन यायला लागलं, फायरफॉक्स त्याच्याही आधीपासून याच चालीवर होता. कॅनरी हा कच्चा माल, ते मान्य, तो मी पण मेनवर टाकत नाही. पण बीटा आणि कॅनरी एका पंक्तीला बसवू नका.

आणि स्टेबल म्हणजे सुरक्षित हे कोणी सांगितलं तुम्हाला? सप्टेंबर २०२३ चं लिबवेबपी प्रकरण आठवा. वेबपी फोटो उघडणाऱ्या लायब्ररीतच बग, हल्लेखोर तो आधीपासून वापरत होते, क्रोमला पळापळ करून अपडेट काढायला लागला, पाठोपाठ फायरफॉक्स आणि थंडरबर्डला पण. तिथे बीटावाला आणि स्टेबलवाला दोघे एकाच नावेत. सर्ट-इनची, म्हणजे सरकारी सायबर सुरक्षा संस्थेची, जी ॲडव्हायझरी येते आणि मग पेपरात "क्रोम वापरताय? सावधान!" छापतात ना, ती पण बहुतेक वेळा स्टेबलबद्दलच असते. चोर गर्दीत शिरतो हो, चार हौशी लोकांच्या बीटासाठी कोण एवढा महागाचा एक्सप्लॉइट (बगमधून घुसायचा कोड) वाया घालवेल?

पासवर्ड_विसरलेला

"चोर गर्दीत शिरतो" हे उत्तर म्हणजे माझ्या घराला कुलूप नाही पण गल्ली सामसूम आहे म्हणण्यासारखं झालं :)

ऑडिटवाली

मी सिक्युरिटी ऑडिटमध्ये काम करते त्यामुळे दोघांचंही अर्धंच ऐकणार. गीक, तुझा मुद्दा नव्या बगपुरता खरा आहे. पण बीटाचा त्रास फक्त नव्या बगचा नसतो, कधीकधी जुना, सगळ्या जगाला माहीत असलेला बगच बीटामध्ये बसलेला असतो आणि मला त्याची जास्त भीती वाटते.

क्रोमचाच पहिला बीटा घे. २ सप्टेंबर २००८, फक्त विंडोजसाठी. त्यात पेज दाखवणारं वेबकिट नावाचं इंजिन जुनं होतं, सफारी ३.१ मध्ये होतं तेच. त्यातला फाइल न विचारता डाउनलोड होण्याचा बग ॲपलने त्याच वर्षी ३.१.२ मध्ये बुजवला होता, क्रोममध्ये मात्र तो तसाच आला. अविव राफ या रिसर्चरने लगेच दाखवून दिलं, पेजवरून एक जार फाइल (जावाचा प्रोग्रॅम) गुपचूप खाली उतरते, खालच्या डाउनलोडच्या पट्टीत बटणासारखी दिसते, माणूस सहज क्लिक करतो आणि जावा ती चालवून मोकळं होतं, कसली वॉर्निंग नाही. म्हणजे हल्लेखोराला नवीन काही शोधायची गरजच नव्हती, ॲपलची पॅच नोट (काय दुरुस्त केलं त्याची यादी) वाचली की काम झालं.

(त्याच आठवड्यातली दुसरी गंमत: गूगलने चक्क कॉमिक काढून सांगितलं होतं की प्रत्येक टॅबची प्रोसेस वेगळी, एक मेला तर बाकीचे जिवंत. आणि कोणीतरी दाखवलं की लिंकमध्ये कोलन आणि टक्क्याचं चिन्ह लिहिलं की अख्खा ब्राउझर आडवा. सगळे टॅब एकदम!)

आजही तत्त्व तेच आहे. क्रोम ज्यावरून बनतो त्या क्रोमियमचा सोर्स कोड सगळ्यांना उघडा असतो. फिक्स आधी मुख्य कोडमध्ये पडतो, मग स्टेबलच्या आणि बीटाच्या शाखेत उतरवतात. तो फिक्स पडल्यापासून तुमच्या मशिनवर पोचेपर्यंतचा जो काळ असतो तो हल्लेखोरांसाठी मेजवानी, कारण बग कुठे होता ते फिक्सच सांगतो. हाच काळ कमी करायला ऑगस्ट २०२३ मध्ये क्रोम ११६ पासून स्टेबलला दर आठवड्याला सिक्युरिटी अपडेट चालू केले. आग लागली की आधी धावपळ स्टेबलसाठीच होणार, कोट्यवधी लोक तिथे आहेत. तेव्हा बीटा वापरायचाच असेल तर निदान रोज रीस्टार्ट तरी करा, टॅब जातील म्हणून वरचा अपडेटचा बाण आठवडाभर लाल ठेवणारे मी भरपूर बघितलेत.

फ्रंटएंडची_फे_फे

तुम्ही सगळे युजर म्हणून बोलताय. माझं पोट वेबसाइट बनवण्यावर आहे, मी बीटा नाही टाकला तर क्लायंटचा फोन येईपर्यंत मला कळणारच नाही काय मोडलंय ते.

२०२० चं सेमसाइट कुकीचं रामायण सांगतो. कुकी म्हणजे साइटने तुम्हाला ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण, आणि सेमसाइट म्हणजे दुसऱ्या साइटवरून येताना ती पाठवायची का हे सांगणारी त्यावरची नोंद. क्रोम ८० फेब्रुवारीत आला, त्यात ठरवलं की ज्या कुकीवर सेमसाइट लिहिलेलं नाही ती आपण लॅक्स धरायची, म्हणजे दुसऱ्या साइटवरून पोस्ट होऊन आलं की ती कुकी सोबत येणार नाही. कागदावर लई भारी, सीएसआरएफ हल्ले (दुसऱ्याच साइटने तुमच्या लॉगिनचा गैरफायदा घेणं) कमी होतात. पण आपल्याकडचं पेमेंट कसं चालतं? गिऱ्हाईक दुकानाच्या साइटवरून पेमेंट गेटवेला जातं, तिथून बँकेच्या पेजवर ओटीपी टाकतं आणि मग पोस्ट होऊन परत दुकानात येतं. परत आलं तर कुकी गायब, सेशन गायब, साइट म्हणते लॉगिन करा. पैसे कापले गेलेत आणि ऑर्डरचा पत्ता नाही! क्रोमने दोन मिनिटांची सवलत ठेवली होती नव्या कुकीला, पण ओटीपी वेळेवर येईल तर ना. आम्हाला हे बीटामध्ये आधी दिसलं म्हणून वाचलो, शेजारच्या टीमला गिऱ्हाइकांनी सांगितलं. पुढे एप्रिलमध्ये कोरोनामुळे गूगलनेच तो बदल मागे घेतला आणि जुलैपासून परत आणला, म्हणजे बघा किती ठिकाणी मोडलं असेल.

गूगल तर कंपन्यांना स्वतःच सांगतं की पाचेक टक्के मशिन बीटावर ठेवा. कोणी वापरलाच नाही तर बग सापडणार कोणाला, आकाशातून येणारेत का रिपोर्ट?

पासवर्ड_विसरलेला

अहो पण तुम्ही वापरा ना, तुमचं कामच आहे ते! मी अकाउंट्सच्या जोशीबुवांबद्दल बोलतोय, ज्यांनी बीटा फक्त टॅब उभे दिसतात म्हणून टाकलाय आणि आयुष्यात एक बग रिपोर्ट केलेला नाही.

ऑडिटवाली

आणि जोशीबुवांनी त्यात गूगल अकाउंटने साइन इन करून सिंक चालू केलं असणार, शंभर टक्के. इथेच लोक फसतात. क्रोम बीटा वेगळा इन्स्टॉल होतो, प्रोफाइल (पासवर्ड, बुकमार्क, सेटिंग यांचा साठा) वेगळं, सगळं छान. पण सिंक चालू केलं की सगळे पासवर्ड, सगळी एक्स्टेन्शन त्या नव्या घरात पण हजर. मग वेगळं ठेवून काय मिळवलं? टेस्टिंगच्या ब्राउझरला अकाउंट पण टेस्टिंगचंच द्या.

गल्लीतला_गीक

ताई, हे मात्र मान्य. फायरफॉक्समध्येही जपून, नाइटलीत उघडलेलं प्रोफाइल जुन्या व्हर्जनला झेपेलच असं नाही. २०१९ मध्ये ६७ पासून त्यांनी प्रत्येक इन्स्टॉलला वेगळं प्रोफाइल द्यायला सुरुवात केली ती उगीच नाही.

पण मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. अपडेट होत असलेला बीटा हा अपडेट न केलेल्या स्टेबलपेक्षा केव्हाही बरा. आणि आपल्याकडे खरा रोग दुसराच आहे.

मावळतीकर

रोगाचं नाव घेतलंत म्हणून आलो. माझं सीए ऑफिस आहे, तालुक्याच्या गावी. तुमचं बीटा-स्टेबल चालू द्या, आम्ही ई-टेंडरच्या डिजिटल सिग्नेचरसाठी जावा चालवायला जुना ब्राउझर अक्षरशः जपून ठेवला होता. क्रोमने २०१५ मध्ये जावा चालवणारे प्लगिन काढून टाकले, फायरफॉक्सने २०१७ मध्ये, आणि पोर्टलवर लिहिलेलं इंटरनेट एक्स्प्लोररच वापरा. करायचं काय माणसाने? तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, चालतंय ना, मग हात लावू नका.

गल्लीतला_गीक

सीएसाहेब, ते पोर्टलवाल्यांचं पाप, तुमचं नाही. पण एक काम करा, आत्ता ज्या मशिनवरून लिहिताय त्यावर क्रोम उघडा, वरचे तीन ठिपके, मदत, क्रोमबद्दल. काय नंबर दिसतोय?

मावळतीकर

१०९. खाली लिहिलंय क्रोमला यापुढे अपडेट मिळणार नाहीत.

ऑडिटवाली

विंडोज ७ आहे का?

मावळतीकर

हो. उत्तम चालतं.

ऑडिटवाली

साहेब, विंडोज ७ साठी १०९ हेच शेवटचं क्रोम, जानेवारी २०२३ चं. वर लिबवेबपीचं वाचलंत ना, ते त्यानंतरचं. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने विंडोज ७ साठी फायरफॉक्स ईएसआर ११५ (जास्त काळ सिक्युरिटी अपडेट मिळणारं व्हर्जन) चालू ठेवला होता, पण तो पण कायमचा इलाज नाही, मशिनच बदलायला लागेल. जीएसटी, इन्कम टॅक्सची लॉगिन यावरूनच होतात?

मावळतीकर

सगळ्या क्लायंटची.

पासवर्ड_विसरलेला

बरं, मी जोशीबुवांना सोडतो आज. सीएसाहेब, तुमच्याकडे बजेट किती आहे ते सांगा, नवीन मशिनचं बघू. बीटाबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.