अनुभव धागा: किनाऱ्यावरून पाहिलेलं, वाचलेलं, खेळलेलं

गणपती आटोपले, चाकरमानी परतले, पाऊस मात्र जायचं नाव घेत नाही. म्हणजे गप्पांना मोकळीक. विषय असा की आवडीचं एकच काहीतरी निवडायचं: सिनेमा, कादंबरी नाहीतर व्हिडिओ गेम. ते कोकणावरचं असलंच पाहिजे असं मुळीच नाही. पण बघताना, वाचताना, खेळताना आपला किनारा मध्ये आला पाहिजे. मला तर कोकणावर मुद्दाम काढलेल्या गोष्टींपेक्षा भलत्याच ठिकाणच्या गोष्टींत आपलं गाव जास्त सापडतं. याद्या नकोत, त्या कुणीही करतं. का आवडलं ते लिहा, आणि काही खटकलं असेल तर तेही लिहा.

धागा माझा, तेव्हा पहिली मी. सिनेमा 'किल्ला'. अविनाश अरुणचा. २०१४ ला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात क्रिस्टल बेअर पारितोषिक मिळालं, आपल्याकडे थिएटरला लागला २०१५ च्या जूनमध्ये. वडील गेलेला मुलगा, नोकरी करणारी आई, बदली गुहागरला. बस, एवढीच गोष्ट. बदलीवाल्यांच्या घरात वाढल्यामुळे नव्या वर्गात पहिल्या दिवशी कुठल्या बाकावर बसायचं हा प्रश्न केवढा मोठा असतो ते मला माहीत आहे. मुलं किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळायला लागतो आणि चिन्मय एकटाच मागे राहतो, तिथे माझ्या पोटात गोळा आला होता. पोरांनी मुद्दाम सोडलं की नुसती घाबरून पळाली, यावर सिनेमा भाषण देत नाही. मला तेच आवडलं. खटकलं एवढंच की लोक बाहेर पडताना "काय सुंदर लोकेशन" म्हणत होते. आता बोला.
(रत्नागिरी)

---

माझा गेम आहे, 'ड्रेज'. २०२३ साली न्यूझीलंडच्या एका लहानशा कंपनीने काढला. जून-जुलैत मासेमारी बंद असते. बोट वर ओढून शाकारलेली, दिवसभर जाळी दुरुस्त करायची आणि रात्री हा गेम. म्हणजे सुट्टीतही मासेमारीच, असं घरचे म्हणतात.

गेम सुरू होतो तोच बोट फुटून. मग तिथल्या गावचा महापौर दुसरी बोट देतो, पण उधारीवर. मासे धरा, विका, कर्ज फेडा. इथे मी गेम थांबवून वडिलांना हाक मारली. आमच्याकडे दलालाची उचल घेतलेली असते, मग मासळी त्यालाच घालायची आणि भाव तो म्हणेल तो. न्यूझीलंडच्या माणसाला हे कुणी सांगितलं?

दुसरी गोष्ट जागेची. बोटीचं पोट चौकोनांत आखलेलं असतं. इंजिन, दिवे, जाळं, सगळं त्याच चौकोनांत बसवायचं. प्रत्येक माशाचा आकार वेगळा, तो फिरवून फिरवून कोपऱ्यात घालायचा. मोठं इंजिन घेतलं की लांब जाता येतं, पण मासळीला जागा कमी. तांडेलाचं, म्हणजे बोटीच्या कप्तानाचं, डोकं वर्षभर याच हिशोबात असतं: डिझेल, बर्फ, पिण्याचं पाणी, खलाशांचं रेशन भरून झालं की उरेल ती जागा मासळीची. शिवाय उशीर केला की मासा खराब होतो आणि भाव पडतो. सिनेमात कोळी म्हणजे नाच आणि नारळीपौर्णिमा. इथे पहिल्यांदा कुणीतरी आमचा धंदा मांडला.

रात्र पडली की भीती सुरू. पडद्यावर एक डोळा असतो, तो भिरभिरायला लागतो, धुक्यात नसलेले खडक दिसतात. वडील मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "मग दिवा लाव ना." लावला, आणि खरंच भीती कमी झाली. गेमचा नियमच तो आहे. पुढे विद्रूप मासे मिळायला लागतात, तीन-तीन तोंडांचे, आणि मासेवाला त्यांना जास्त पैसे देतो. हसू नका, आमच्याकडे घोळीचा भाव तिच्या मांसाने कुठे ठरतो? पोटातल्या पिशवीने ठरतो.

एकच पटलं नाही. बोट थांबवली की वेळही थांबतो. मशीन बंद करून किती वेळ बसा, सूर्य तिथेच. समुद्रात असं बसून दाखवा म्हणावं. आणि प्रत्येक बेटाला बांधीव धक्का! पाण्यात बैलगाड्या घालून मासळी किनाऱ्यावर आणलेली बघत मोठा झालो मी. त्या गावाचा हेवाच वाटला.
(हर्णै)

---

हर्णैकर, वडिलांचं वाक्य गेमच्या पाकिटावर छापायला हवं. असंच लांब लिहा सगळ्यांनी.
(रत्नागिरी)

---

मी लांब नाही लिहिणार. 'व्हाइस सिटी', २००२ चा. सायबर कॅफेत तासावर खेळायचो. समुद्रकाठच्या शहरातला एवढा मोठा गुंड, बंदुका चालवतो, हेलिकॉप्टर चालवतो, आणि पाण्यात पडला की मरतो. पोहता येत नाही त्याला! आमच्या आळीत दुसरीतल्या पोरांनी चिडवला असता.
(अलिबाग)

---

'असॅसिन्स क्रीड'मधला चौथा, 'ब्लॅक फ्लॅग', २०१३ चा. त्यातली मारामारी, गुप्त संघटना वगैरे मला फारशी कळली नाही आणि मी कळून घेतलीही नाही. आपलं जहाज घेऊन निघायचं, खलाशी गाणी म्हणायला लागतात, समोर वादळ. तेवढ्यासाठी खेळायचो.

पण खेळता खेळता एक गोष्ट लक्षात आली आणि मग डोक्यातून जाईना. गेमची गोष्ट सुरू होते १७१५ ला, कॅरिबियन समुद्रात. ब्लॅकबिअर्ड मारला गेला १७१८ ला. त्याच वर्षी मुंबईचे इंग्रज कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर चालून गेले आणि हात हलवत परतले. १७२१ ला पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर गेले, तिथेही तेच. तिकडच्या चाच्यांना इंग्रजांनी लटकावलं. इकडच्या सरखेलांना, म्हणजे मराठी आरमाराच्या प्रमुखाला, कान्होजींना, चाचे म्हणून कागदोपत्री बदनाम केलं, पण १७२९ ला ते वारले तोवर त्यांचं आरमार कुणाला मोडता आलं नाही. मग गेम कुणावर निघायला हवा होता?

आणि लढायची पद्धत बघा. वारा पडला की इंग्रजांचं भलंमोठं जहाज जागीच अडकणार. आपली गलबतं वल्ह्यांवर चालणारी, ती गुराबांना, म्हणजे तोफांच्या मोठ्या जहाजांना, दोरांनी ओढत नेऊन शत्रूच्या पिछाडीला उभी करणार. तिथे त्याच्या तोफा कमी. गुराबाच्या तोफा नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, समोर डागायच्या. आणि अंगावर आलाच तर उथळ खाडीत शिरायचं, तो मागे आला की रुतला. 'ब्लॅक फ्लॅग'मध्ये वाऱ्याचा हिशोब नावालाच आहे. आपल्या गेममध्ये भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच लढाई घ्यावी लागली असती. पुण्याच्या एका कंपनीने 'राजी' हा आपल्या पुराणकथांवरचा गेम २०२० ला काढून दाखवला, तेव्हा इथल्या लोकांना जमत नाही असं म्हणायची सोय नाही. कुणीतरी मनावर घ्या. खलाशांच्या तोंडी गाणी कोणती ती मी देतो.
(मालवण)

---

नाटक चलात काय? नाय चलला तरी सांगतंय. 'वस्त्रहरण'! गंगाराम गवाणकरांनी लिवलेला, १९८० सालात इला आणि मच्छिंद्र कांबळीनी गाजयला. टेपरेकॉर्डरार क्यासेट लागली काय आजयेपासून पोरांपर्यंत सगळी खळ्यात जमत. गावातली मंडळी नाटक करूक जातत आणि मेकअपपासून द्रौपदीपर्यंत सगळ्याचो बट्ट्याबोळ. आमच्या गावात दर वर्षी होता तसोच, म्हणान आवाडता. गेम माका कळणत नाय. झिलान एकदा हातात दिल्यान, मी गाडी सरळ खांबार घातलंय.
(कुडाळ)

---

नाटक चालतं. क्यासेट मात्र जपून ठेवा.
(रत्नागिरी)

---

मी खेडचा, म्हणजे मी काय लिहिणार ते कळलंच असेल. मुंबईचे मित्र २०१८ पासून विचारतात, "तुमच्याकडे ते तुंबाड आहे ना? खजिना कुठे?" २०२४ ला 'तुंबाड' हा सिनेमा पुन्हा थिएटरला लागला, आधीपेक्षा जास्त चालला, आणि प्रश्न पुन्हा सुरू.

सिनेमा उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. तसा पाऊस हिंदी पडद्यावर मी दुसरा पाहिलेला नाही. गाणं म्हणायला येणारा पाऊस नव्हे, भिंतीत मुरणारा. पण त्याने श्री. ना. पेंडशांकडून घेतलं ते फक्त नाव. भयाचं बीज नारायण धारपांच्या कथेतलं. पेंडशांची कादंबरी 'तुंबाडचे खोत' १९८७ ची, दोन जाडजूड खंड, जगबुडी नदीच्या काठची चार पिढ्यांची गोष्ट. त्यात सिनेमातला तो हस्तर नाही आणि गर्भगृहातलं सोनं नाही. त्यात आहे जमीन, मान, वाटण्या, एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ. सिनेमा बघून मी रात्री झोपलो. कादंबरी वाचून झोप उडाली, कारण तशी माणसं आमच्या घरातल्या फोटोंत आहेत. खोती कायद्याने १९४९ ला गेली, ताठा अजून गेलेला नाही. आमच्याकडे एका पाणंदीवरून दोन घरांत जे चाललंय ते पेंडशांनी बघितलं असतं तर तिसरा खंड झाला असता.

फक्त एक तक्रार आहे. पहिल्या खंडात इतके दादा, भाऊ, काका येतात की मी पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर वंशावळ काढून ठेवली. ज्याला वाचायला देतो त्याला ती फार उपयोगी पडते.
(खेड)

---

पेंडशांचाच विषय निघालाय तर 'गारंबीचा बापू', १९५२ चा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. त्यानंतर कित्येक आठवडे वीज नाही, फोनला रेंज नाही. काकूच्या ट्रंकेत हे पुस्तक सापडलं. कव्हर गेलेलं, पानं दमट.

बापू सुपारीच्या व्यापारात वर येतो. आणि मी ते वाचतेय त्या पडवीसमोर आमची पोफळीची वाडी आडवी पडलेली. एकही पोफळ सरळ नाही, सगळ्या एकाच दिशेला डोकं करून. नवी लावली तर सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं. अशा वेळी एखाद्या पुस्तकाने धीर वगैरे दिला असं मी म्हणणार नाही. उलट राग आला बापूचा. याचं सगळं कसं जमतं! मग राधा आली आणि मी वाचत राहिले. लोक बापूच्या बेडर वागण्याचं कौतुक करतात, पण गावाने बोट दाखवलं की त्याचा अर्धा भार राधा उचलते. नाव तिचं हवं होतं कादंबरीला. आता आमची नवी रोपं कमरेच्या वर गेलीत, पुस्तक मात्र बुरशीने गेलं. दुसरं घेतलंय.
(दिवेआगर)

---

दापोलीला कृषी विद्यापीठात शिकते. माझा गेम 'स्टारड्यू व्हॅली', २०१६ चा, एका माणसाने एकट्याने बनवलेला. होस्टेलवर आम्ही तो हसण्यासाठी खेळतो. झाड लावलं की २८ दिवसांत मोठं! आंब्याचं रोप एका बेटावरच्या व्यापाऱ्याकडे मिळतं, किंमत ७५ शिंपले. ना तुडतुडे, ना मोहोर जळणं, ना जानेवारीतला अवकाळी, ना कल्टार (मोहोर आणायचं औषध) कधी घालायचं यावरून बाबांशी भांडण. बाबांना दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "पेटीला काय भाव?" मी म्हटलं, पेटी नाही, सुटा विकतात. त्यांचा रस तिथेच संपला.

पण परीक्षेच्या आदल्या रात्री मी तोच गेम लावते. कारण त्यात बियाणं टाकलं की उगवतंच.
(दापोली)

---

भुतं पुरे झाली हो. खेडकर, तुम्हाला उद्देशून नाही. पण आकेरीत २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' ही भुताची मालिका सुरू झाली, तेव्हापासून येणारा प्रत्येक पाहुणा नाईकांचा वाडा विचारतो आणि कुजबुजत बोलायला लागतो. आमच्याकडे देव-भुतं अशी कुजबुजत नसतात. आरवलीच्या वेतोबाला मोठाल्या चामडी चपला वाहतात. तो रात्री राखणीला फिरतो आणि चपला झिजतात. त्याला केळ्यांचा घड लागतो. त्याच्याशी लोक भांडतातसुद्धा.

जयवंत दळवी त्याच आरवलीचे. 'सारे प्रवासी घडीचे' वाचा, १९६४ चं. खळखळून हसवतं, आणि पान उलटलं की तोच माणूस गेलेला असतो. दळवी रडायला वेळ देत नाहीत, पुढचा इरसाल हजर. मराठीत एवढ्या कमी शब्दांत माणूस उभा करणारे फार नाहीत, आणि कोकणावर लिहिणाऱ्यांत तर पहिला नंबर त्यांचाच. पेंडसेप्रेमींनी खुशाल भांडायला यावं.
(शिरोडा)

---

भांडायला मी आहेच. दळवी मला मान्य, पण पहिला नंबर? 'रात्र काळी घागर काळी' लिहिणारे खानोलकर तुमच्याच वेंगुर्ल्याचे, त्यांना कुठे बसवताय?
(खेड)

---

खानोलकरांना कुणी बसवू शकत नाही, ते आपले आपण कोंडुऱ्याच्या खडकावर जाऊन बसतील. उद्या सविस्तर लिहितो, आत्ता लाईट जातेय-येतेय.
(शिरोडा)

---

'तुंबाडचे खोत'चा दुसरा खंड कुणाकडे आहे का? पहिला वाचून महिना झाला. मासेमारीची बंदी उठायच्या आत संपवायचा होता, आता बोटीवर न्यावा लागेल.
(हर्णै)

---

आहे माझ्याकडे. पुढच्या आठवड्यात दापोलीला येतोय, स्टँडवर भेटा. पण बोटीवर नेणार असाल तर प्लास्टिकच्या दोन पिशव्या घेऊन या. नाहीतर रत्नागिरीच्या नगर वाचनालयात मिळेल, १८२८ पासून पुस्तकं सांभाळतायत ते.
(खेड)