मधल्या किमतीचा मेटल डिटेक्टर: तुमच्या हातात तोच का टिकला?

जमिनीत पुरलेली नाणी, दागिने शोधणाऱ्या छंदी मंडळींत ठरावीक चार यंत्रांचीच नावं फिरत असतात: गॅरेटची एस २५० आणि एटी प्रो, नोक्टाचं सिम्प्लेक्स, माइनलॅबचं इक्विनॉक्स. यांहून स्वस्त आहेत, यांहून खोल पोचणारीही आहेत. मग हीच का? जाहिरातीतलं नको, खड्डा खणताना कळलेलं लिहा. सुरुवात मी करते.

माझं पहिलं यंत्र खेळण्यातलंच म्हणा. धातू आला की पीं करायचं, बास! खिळा आणि नाणं एकाच सुरात. एका दुपारी सतरा खड्डे आणि सतरा खिळे काढून घरी आले. मग एस २५० घेतलं. त्यात लोखंडाला खर्जातला सूर आणि चांदीला घंटा. ती घंटा ऐकली की आजही गुडघे आपोआप जमिनीला टेकतात.

* * *

माझ्यासाठी पाणी. आधीच्या यंत्राची फक्त कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची खालची तबकडी, जलरोधक होती. एका सरीत वरचा इलेक्ट्रॉनिक्सचा डबा भिजला आणि कायमचा गप्प झाला. एटी प्रो १० फूट पाण्यात चालतं. मी गुडघ्यापलीकडे कधी गेलो नाही, तो भाग वेगळा. पण आभाळ भरून आलं तरी आता पळापळ नाही.

* * *

वरच्यांना एक पुस्ती. जलरोधक म्हणजे समुद्रावर चालेलच असं नाही. ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहते, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीचे तरंग जमिनीत सोडणारं माझं जुनं यंत्र लाटेच्या कडेला नुसतं बडबडायचं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रं आधीही होती, पण ती महागड्यांच्या पंगतीत. २०१८ साली इक्विनॉक्सने ती सोय मधल्या पंगतीत वाढली. ते का गाजलं याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच.

* * *

आणि आकडे! तुमचं यंत्र बऱ्याच जणांकडे असलं की पडद्यावर धातूनुसार येणाऱ्या आकड्यांची बोलीच तयार होते. इक्विनॉक्सच्या पहिल्या मॉडेलांवर (६०० आणि ८००) १२-१३ आला तर अमेरिकेतलं निकेलचं नाणं असू शकतं, किंवा शीतपेयाच्या डब्याची कडी. सोन्याची अंगठीसुद्धा त्याच आसपास बोलते. म्हणून मी कड्या खणत राहते. आतापर्यंत बरणीभर कड्या, अंगठी एक. दुर्मीळ यंत्र घेतलं असतं तर हे विचारायचं कुणाला?

* * *

वजन. सिम्प्लेक्स साधारण १.३ किलोचं आहे. चार तास कॉइल डावी-उजवी करा, मग यंत्र किती खोल पोचतं याच्या गप्पा मारू.

* * *

मी उलटा गेलो. सगळ्यात वरचं, महागडं यंत्र घेतलं. मेनूत मेनू, त्यात आणखी मेनू. ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या खनिजांकडे यंत्राने दुर्लक्ष करावं म्हणून करायची जुळणी) जमेपर्यंत सोबत्याची दोन नाणी निघालेली असायची. त्याचं यंत्र मधलंच, चालू केलं की निघाला. हल्ली त्याचंच मागून नेतो, माझं कपाटात आहे. कुणाला हवंय का?