स्लीव्ह की बायपास: आधी छातीतल्या जळजळीची चौकशी करावी

वजन कमी करण्यासाठी जठराची स्लीव्ह शस्त्रक्रिया करावी की बायपास, या प्रश्नावर ‘स्लीव्ह सोपी आणि आतड्याला हात लागत नाही, म्हणून तीच करावी,’ असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि उरलेल्या अरुंद नळीत दाब वाढत असल्याने ज्यांना आधीपासून आम्लपित्ताचा, घशाशी येण्याचा त्रास आहे, त्यांचा तो पुष्कळदा बळावतो. नाशिकच्या इंदिरानगरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या एंडोस्कोपीत अन्ननलिकेला सूज दिसली आणि केवळ तेवढ्यावरून निर्णय रू-एन-वाय बायपासकडे वळला (यात जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात आणि एकूण दोन जोड असतात). तिला मधुमेहही होता आणि त्यातही बायपास सहसा सरस ठरते.

मात्र बायपासची किंमत वेगळी आहे. लोह, कॅल्शियम आणि बी-12 यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके जोडाजवळ व्रण होण्याच्या भीतीने टाळावी लागतात आणि गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. (मिसळीनंतर जिलेबी मागवणाऱ्या नाशिककराला हे शेवटचे कलम सर्वांत जड जाते.) मिनी बायपासमध्ये जोड एकच असतो, त्यामुळे वेळ कमी लागतो, परंतु पित्त जठरात उलटण्याची शक्यता राहते, म्हणून जळजळ असलेल्यांनी तिथेही सावधच असावे.

तेव्हा पॅकेजचे दर विचारण्याआधी एंडोस्कोपी करून घ्यावी आणि तिचा अहवाल समोर ठेवूनच शल्यविशारदांशी बोलावे.