टीव्हीवर एफ-वन नाही म्हणून 'रडणारी' गर्दी

कराडचा_गिअरबॉक्स
काल फॉर्म्युला वन, म्हणजे एफ-वन मोटार शर्यतींच्या एका व्हॉट्सॲप गटात कुणीतरी लिहिलं, "टीव्हीवर एफ-वन नाही म्हणून अजून रडणारे मुळात चाहते नव्हतेच. ज्याला बघायचंय तो पैसे भरतो आणि ॲपवर बघतो. बाकीची गर्दी गेली ते बरंच झालं." तिथेच उत्तर लिहायला घेतलं. लांबत गेलं, म्हणून इथे टाकतोय.

त्या गर्दीत माझे वडील होते.

वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. जून २००५ मध्ये एका रात्री चॅनल बदलता बदलता त्यांचा हात थांबला. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची एफ-वन शर्यत होती. मिशेलिनचे टायर धोक्याचे ठरले, म्हणून ते लावलेल्या सगळ्या गाड्या सुरुवातीआधीच पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गॅरेजांकडे निघून गेल्या. मैदानात उरल्या सहा, आणि त्यातल्या एकीत आपला भारतीय ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन. चौथा आला तो. वडिलांना तोवर या खेळाचं ओ की ठो माहीत नव्हतं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "टायर खराब आहेत तर बदलत का नाहीत?" त्या वर्षी शर्यतीत टायर बदलायला बंदी होती हे मला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळलं. पुढच्या वर्षी बंदी उठली आणि त्यांनी पहिला खरा पिट स्टॉप पाहिला, म्हणजे शर्यतीत मध्येच थांबून चाकं बदलणं. जन्मभर एसटीची चाकं उतरवलेला माणूस. उभा राहिला होता टीव्हीसमोर. "एकही माणूस दुसऱ्याच्या आड येत नाही बघ," एवढंच म्हणाले. तेव्हापासून २०२२ पर्यंत त्यांची एकही युरोपातली शर्यत चुकली नाही.

२०२२ संपताना स्टार स्पोर्ट्सवरचं प्रक्षेपण थांबलं. २०२३ मध्ये एकही वाहिनी नव्हती, फक्त एफ-वनचं स्वतःचं ॲप. २०२४ पासून फॅनकोड नावाचं ॲप. वडिलांच्या फोनवर मी सगळं करून दिलं. पण लॉगिन माझ्या नंबरवर, मी चाकणला, ते कराडला. रविवारी शर्यतीच्या वेळी माझी शिफ्ट असली की ओटीपी सांगायला कुणी नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी म्हणाले, "राहू दे, तू काम कर."

ॲप तोच उघडतो ज्याला काय बघायचंय ते आधीच ठाऊक असतं. २००५ साली ॲप असतं तर माझ्या वडिलांनी ते कधी उघडलं असतं?

कोथरूडचा_एपेक्स
वडिलांबद्दल आदर आहे, पण टीव्हीचे गोडवे फार झाले. टीव्ही फुकट कधी होता? २०१९ मध्ये ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे नवे नियम आले आणि घराघरांत चॅनल निवडून पैसे भरायची वेळ आली. आमच्या केबलवाल्याने तर न विचारता खेळांचे चॅनल पॅकमधून काढले होते. भांडून परत घेतले.

आणि ऐका. २०२१, अबू धाबी. वर्षाची शेवटची शर्यत, विजेतेपदासाठी हॅमिल्टन आणि वरस्टॅपन हे दोन ड्रायव्हर समान गुणांवर. शेवटचे काही लॅप (फेऱ्या), लतिफी या तिसऱ्याच ड्रायव्हरची गाडी भिंतीला, सगळ्यांना हळू चालवायला लावणारी सेफ्टी कार बाहेर, आणि आमच्या केबलचं सिग्नल गेलं. केबलवाला फोन उचलेना. वर्षभर वाट पाहिलेला शेवटचा लॅप मी पाहिलाच नाही. मित्र फोनवर ओरडत होता, "वरस्टॅपन पुढे गेला, पुढे गेला!" आणि माझ्यासमोर निळा पडदा.

आता सराव सत्रं दिसतात, गाडीतला कॅमेरा दिसतो, रेडिओ ऐकू येतो, रात्रीची शर्यत सकाळी निवांत बघता येते. पंधरा वर्षं जे मागत होतो ते मिळालंय. त्याला नावं ठेवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

लेस्टरहून_निळाझेंडा
इथे ब्रिटनमध्ये हे रडगाणं तुमच्या आधी सुरू झालं. २०११ पर्यंत सगळ्या शर्यती बीबीसीवर थेट दिसायच्या. २०१२ पासून निम्म्या फक्त स्कायवर, म्हणजे पैसे भरून बघायच्या वाहिनीवर. २०१६ ला बीबीसीने अंगच काढून घेतलं, चॅनल फोर आलं. २०१९ पासून थेट शर्यत फक्त स्कायवर. फुकटात चॅनल फोरवर नंतरची झलक आणि सिल्व्हरस्टोनची एक शर्यत थेट. जर्मनीतही २०२१ ला हक्क फुकटातल्या आरटीएल वाहिनीकडून स्कायकडे गेले, नंतर थोड्या शर्यती पुन्हा आरटीएलकडे आल्या. अमेरिकेतही २०२६ पासून हक्क ॲपलकडे, पाच वर्षांसाठी.

मग गिअरबॉक्स म्हणतात ते चूक की बरोबर? माझ्या कारखान्यात जुने लोक अजून मरी वॉकर या जुन्या टीव्ही समालोचकाच्या आवाजाबद्दल बोलतात. नवे लोक नेटफ्लिक्सवरची एफ-वनची मालिका बघून आलेत. चाहते यायचे थांबले नाहीत, दार बदललं.

कराडचा_गिअरबॉक्स
दार बदललं, मान्य. पण त्या दाराशी आधी कार्ड आणि ओटीपी मागतात. तुमच्याकडे निदान एक शर्यत आणि झलक तरी फुकट आहे. आमच्याकडे तेही नाही. दूरदर्शनवर महिन्याला तासभराचा कार्यक्रम दाखवला तर काय बिघडेल?

कलम_आणि_क्लच
दूरदर्शनची आशा सोडा. २००७ च्या कायद्याप्रमाणे खासगी वाहिनीला प्रसारभारतीला सिग्नल द्यावं लागतं ते फक्त राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या स्पर्धांचं. क्रिकेट, ऑलिंपिक वगैरे. त्या यादीत एफ-वन बसत नाही. इथे तर २०११ ते २०१३ अशा तीनच शर्यती झाल्या आणि त्यांना खेळ न मानता करमणूक मानून कर लावण्यावरून वाद झाला. ज्याला सरकार खेळ म्हणायला तयार नव्हतं, तो राष्ट्रीय महत्त्वाचा कुठून होणार?

नाशिकची_नेव्हिगेटर
सगळे एफ-वनपुरतंच बोलताय म्हणून लिहिते. मी दहा वर्षं रॅलीत शेजारच्या सीटवर बसून नोट्स वाचते. आमची स्पर्धा कुठल्या चॅनलवर होती? कधीच नव्हती. आम्ही मातीत गाडी उलटवतो आणि घरच्यांना चार दिवसांनी कुणाच्या तरी फोनवरचा व्हिडिओ मिळतो.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबईच्या जेहान दारूवालाने बहरीनमधल्या साखीरला एफ-टूची, म्हणजे एफ-वनच्या खालच्या पायरीची शर्यत जिंकली. भारतीयाचा एफ-टूमधला पहिला विजय. मी तो फोनवर नुसत्या आकड्यांच्या तक्त्यात 'पाहिला'. नाव वर सरकत होतं आणि मी रडत होते. पुढे २०२३ ला एफ-वनच्या ॲपवर एफ-टू, एफ-थ्री सगळं थेट मिळालं. त्यामुळे या भांडणात मी एपेक्सच्या बाजूने आहे, गिअरबॉक्सदादा, माफ करा.

सातारी_टर्बो
टीव्ही का ॲप यावर भांडताय, मूळ दुखणं भाषेचं आहे. गिअरबॉक्सच्या वडिलांना ओटीपी दिला तरी ते काय ऐकणार? इंग्रजी. आयपीएलची कॉमेंट्री मराठीत होते, कबड्डीची होते, मग गाड्यांचं काय घोडं मारलंय? मराठी आवाज द्या, आमच्या तालुक्यातली गॅरेजवाली पोरं पैसे भरून बघतील.

कोथरूडचा_एपेक्स
मराठीत एफ-वन? 'अंडरकट'ला काय म्हणणार, 'अधोछेद'? सगळी परिभाषा इंग्रजी आहे. उगाच अस्मिता आणू नका.

सातारी_टर्बो
अधोछेद म्हणायला कुणी सांगितलं? अंडरकट अंडरकटच राहील. 'पुढच्याच्या आधी आत गेला, नवं रबर घातलं, आणि हा बाहेर येईस्तोवर पुढं निघून गेला.' झालं की. 'वळणावर आत घुसला', 'दाबून धरला', 'मागचे टायर उतरले', 'गाडी नाचायला लागली' हे आम्ही गॅरेजात रोज बोलतो.

आणि शर्यतीचं समालोचन मराठीत जमत नाही म्हणणाऱ्यानं एकदा बैलगाडा शर्यतीला यावं. झेंडा पडल्यापासून निशाणापर्यंत मोजके सेकंद. तेवढ्यात कुठली जोडी, कुणाचा ड्रायव्हर, कुठल्या चाकोरीतनं कोण सरकला, सगळं एका दमात. अंगावर काटा येतो. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर शिक्कामोर्तब केलं, आणि आता शर्यती यूट्यूबवर फुकट थेट दिसतात. सौदीत कामाला गेलेली पोरं तिथून बघतात.

कोथरूडचा_एपेक्स
ताशी तीनशेच्या वर जाणारी गाडी आणि बैल यांची तुलना चाललीय. मला यात बोलायचं नाही.

सातारी_टर्बो
नका बोलू. पण हिणवू पण नका. माझ्या आज्यानं खिलार पाळले, बापानं ट्रॅक्टर चालवला, मी इंजिन उघडतो. वेगाची ओढ घरात तीन पिढ्यांची आहे. 'गर्दी गेली ते बरं' म्हणणारा आणि तुम्ही, दोघं एकाच बाकावर बसलाय.

नाशिकची_नेव्हिगेटर
टर्बो, हे बरोबर बोललात. आमच्या रॅलीत नोट्स इंग्रजीत लिहितो, पण खड्डा आला की तोंडून मराठीच येतं. माझा ड्रायव्हर 'केअर' म्हटल्यावर जेवढा सावध होत नाही तेवढा 'सांभाळ!' म्हटल्यावर होतो. एपेक्स, बाजू तुमची घेतली होती, पण बैलांवरचं ते वाक्य आवडलं नाही.

लेस्टरहून_निळाझेंडा
एक अनुभव. माझी आई गेल्या वर्षी इथे आली होती. स्कायवर माजी एफ-वन ड्रायव्हर करुण चंढोक काच-बोर्डापुढे उभा राहून एक वळण समजावत होता. आईने विचारलं, "आपल्याकडचा ना हा?" मग शर्यतभर मी मराठीत सांगत राहिलो आणि ती शेवटपर्यंत बसली. अर्धा तास आधी ती म्हणाली होती, "गाड्या गोल फिरतात, त्यात काय बघायचं?" सांगणारं माणूस हवं. ते टीव्हीवर असो की सोफ्यावर.

कोथरूडचा_एपेक्स
ठीक. बैलांचं वाक्य मागे घेतो. माझं आजोळ मंचरचं, बैलगाडा शर्यतीच्या घाटात मीही उभा राहिलोय. लहानपणी समालोचकाचा आवाज गावाच्या वेशीपर्यंत ऐकू यायचा, तो आठवला. मराठी कॉमेंट्री हवी की नको यात नको म्हणायला माझ्याकडे कारण उरलं नाही, एवढं लिहितो. पण ॲपमुळे खेळ मेला हे मी मरेपर्यंत मानणार नाही. युरोपातल्या शर्यती पूर्वी साडेपाचला लागायच्या, २०१८ ला तासाभराने पुढे गेल्या, तेव्हाही लोक म्हणाले होते आता कोण बघणार. बघतोच आहोत.

कराडचा_गिअरबॉक्स
खेळ मेला असं मी म्हटलंच नाही. वर जाऊन वाचा. माझं म्हणणं एका माणसापुरतं आहे, आणि त्याच्यासारखी माणसं किती होती ते कुणी मोजलेलं नाही, म्हणून ती गेल्याचंही कुणाला कळलं नाही.

काल रात्री वडिलांना फोन केला. मॅक्लारेनने २०२३ मध्ये कतारला १.८० सेकंदांत चारही चाकं बदलली हे त्यांना सांगितलं. त्यांना माहीतच नव्हतं. २०२२ नंतरचं काहीच माहीत नाही. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जॅक कोण धरतं रे पुढचा?"

सातारी_टर्बो
मी दर रविवारी कराडला सासुरवाडीला असतो. माझं रीतसर खातं आहे, मेव्हण्याच्या घरी मोठा टीव्ही आहे. या रविवारी इटलीतल्या मोंझाची शर्यत आहे, साडेसहाला दिवे विझतात, म्हणजे शर्यत सुटते. वडिलांचा पत्ता निरोपात पाठवा, सहाला गाडी घेऊन येतो. कॉमेंट्री मी करतो.

कराडचा_गिअरबॉक्स
पाठवला. त्यांना ऐकू जरा कमी येतं, डाव्या बाजूला बसा.