ग्रुप ‘आपली मंडळी’: गोळी, दाढ आणि आरसा

मी: सकाळपासून कुणाचेच फोन उचलले नाहीत, सॉरी. दातांच्या दवाखान्यात होतो. उजव्या दाढेचं रूट कॅनल सुरू झालंय. शिवाय तीन दात हिरडीच्या कडेला किडलेत.

मामा: एवढा मोठा घोडा झालास, दात घासत नाहीस काय?

मी: घासतो रे मामा, सकाळी. रात्रीचं खरं सांगतो, आठवड्यातून तीन-चारदा राहूनच जातं. उठायचं ठरवतो आणि ते ठरवतानाच झोप लागते.

ताई: 🙄

मी: ताई, डोळे नंतर फिरव. मामा आणि मावशीला माहीत नाही, म्हणून आज लिहूनच टाकतो. दोन वर्षांपूर्वी मला एडीडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, असल्याचं निदान झालं. तेव्हापासून रोज सकाळी त्यावरची मिथाइलफेनिडेटची गोळी घेतो. आणि आजच्या भानगडीत त्या गोळीचाही हात आहे.

मामा: ते तर उड्या मारणाऱ्या पोरांना असतं ना? तू लहानपणी दगडासारखा बसायचास.

मी: बसायचो, पण डोकं भलतीकडेच असायचं. 1980 साली डॉक्टरांच्या पुस्तकात ‘एडीडी’ हे नाव आलं, त्यात उड्या न मारणारेही धरले होते. 1987 मध्ये नाव बदलून ‘एडीएचडी’ झालं. तो मधला ‘एच’ उड्यांचा. माझ्यासारख्यांना आता त्यातलाच लक्ष न लागणारा प्रकार म्हणतात. मोठेपणी कळलेले माझ्यासारखे बरेच आहेत.

दादा: गोळीचा आणि दाढेचा काय संबंध? मुद्द्यावर ये.

मी: येतो. पहिल्या वेळी दवाखान्यात फॉर्म भरायला दिला होता. बीपी, शुगर, थायरॉइड, सगळ्यांपुढे ‘नाही’ लिहिलं. खाली ‘चालू औषधे’ होतं, तिथे सरळ रेघ ओढली. दातांच्या डॉक्टरांना डोक्याच्या गोळीचं काय सांगायचं, असं वाटलं. लाजही वाटली, खोटं कशाला बोलू.

आज तपासताना तो छोटा आरसा आतून गालाला चिकटला. डॉक्टरांनी हळूच सोडवला, परत लावला, परत चिकटला. मग हातातलं सगळं खाली ठेवून म्हणाले, “तोंडाला कोरड पडते ना? कुठली गोळी चालू आहे?” मी फॉर्मकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.

वहिनी: भाऊजी, आरसा चिकटणं ही आमच्याकडची नेहमीची खूण आहे. लाळ कमी झाली की होतं ते. आणि तुम्ही मला तरी विचारायचंत! घरात दातांची डॉक्टर असून तुम्ही बाहेर फॉर्मवर रेघा ओढता.

मी: वहिनी, तुमच्यापासूनच तर लपवत होतो 😬

वहिनी: मामा, लाळ म्हणजे नुसतं पाणी नाही. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर सुटते. ती आम्ल मारते, अन्नाचे कण धुऊन नेते आणि दाताला कॅल्शियम-फॉस्फेट परत देते. तोंडात आम्ल वाढून पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला की दाताचं वरचं आवरण विरघळायला लागतं. लाळ पुरेशी असेल तर सावरतं. झोपेत ती जवळजवळ थांबतेच, म्हणून रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षा मोलाचं.

मामा: म्हणजे मी कवळी लावायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं होतं हे.

मी: पुढचं ऐका. कोरड पडते म्हणून मी टेबलावर कोल्ड्रिंकची बाटली ठेवायचो. दिवसभर घोट घोट. दर घोटाला साखर आणि आम्ल, दोन्ही. दुपारी गोळीने भूकच लागायची नाही. संध्याकाळी तिचा असर ओसरला की भूक अशी खवळायची की रात्री बारापर्यंत तोंड चालू, त्यातही गोडच. आणि मग न घासता झोप. हे लिहिताना माझी मलाच शरम वाटतेय.

दादा: रात्री दातही खातोस. एका खोलीत झोपायचो तेव्हा नव्हतं हे. मागच्या सुट्टीत आवाजाने मी उठून बसलो होतो.

मी: तेही निघालं. डॉक्टरांनी गालावर बोट ठेवून दात आवळायला सांगितले, तर स्नायू लिंबाएवढा टरारला. सकाळी जबडा का दुखतो ते आज कळलं. आता रात्री दातांवर लावायची पट्टी करून देणार आहेत.

ताई: मग ती गोळीच बंद कर ना. दातापेक्षा का ती मोठी आहे?

मी: ताई, गोळीच्या आधी माझ्या दोन नोकऱ्या गेल्या, ते विसरलीस? बिलं वेळेवर भरायला मी आत्ता कुठे लागलोय.

वहिनी: ताई, मनाने बंद करू नये. कोरड फारच असेल तर ज्यांनी दिली त्या डॉक्टरांशी बोलायचं, डोस किंवा वेळ बघतात ते. दुसरं औषध दिलं की सुटका होते असंही नाही, ॲटोमॉक्सेटिननेही तोंड कोरडं पडतं. आणि सगळा दोष गोळीच्या माथी नको. एडीडीवाल्यांचं घासणं-खाणं आधीच विस्कळीत असतं, त्यात गोळीचा वाटा किती हे वेगळं काढणं अवघड आहे.

दुसरं, भुलीच्या इंजेक्शनमध्ये बऱ्याचदा ॲड्रेनालिन असतं. या गोळ्यांनी नाडी आणि बीपी आधीच थोडं वाढू शकतं. म्हणून आम्हाला माहीत असावं, बीपी बघून बेताने देता येतं. आम्ही काही तुमची अब्रू तपासायला फॉर्म देत नाही.

मी: आज तसंच केलं, आधी बीपी घेतलं. आता कोल्ड्रिंक बंद, टेबलावर साधं पाणी. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम चघळतो, त्याने लाळ सुटते. आंबट गोळ्यांनीही सुटते, पण त्यातलं आम्लच दाताला लागतं, त्यामुळे त्या नकोत. फ्लोराइडची पेस्ट लावून नुसतं थुंकायचं, लगेच खळखळून चूळ भरायची नाही. आणि रात्रीचा ब्रश आता जेवणाच्या ताटाशेजारी. ताट उचललं की ब्रश हातात. झोपेपर्यंत थांबलो तर मी घासणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मामा: भाच्या, माझ्याही बीपीच्या गोळीने तोंड सुकतं का रे?

वहिनी: मामा, काहींनी सुकतं. नाव पाठवा, बघते.

मावशी: अहो, छकुलीच्या गोळीचं आपणही दातांच्या डॉक्टरांना सांगितलेलं नाही. दोनदा फिलिंग करून आणलं, विचारलं तेव्हा मीच ‘काही नाही’ म्हणाले. उद्या फोन करून सांगते. मुलांच्यात कुणाला बोलू नका.

ताई: मावशी, हे ग्रुपवर आलंय.

मावशी: अगं बाई! डिलीट कसं करतात?

मी: राहू दे मावशी. फोन मात्र नक्की कर.

वहिनी: आणि छकुलीला माझ्याकडे घेऊन या. फॉर्म मी भरते.

मावशी: शनिवारी येते.