मदत हवी आहे: टोळीयुद्धाचा मिनिएचर गेम आधी फाइलींच्या रूपात काढावा की बॉक्समध्ये?

जग उद्ध्वस्त झाल्यावर भंगार, पाणी आणि इंधनासाठी भिडणाऱ्या टोळ्यांचा स्कर्मिश गेम (टेबलावर मोजक्या छोट्या पुतळ्यांनी खेळायची चकमक) आम्ही दोघं मित्र पुण्यात बनवतोय. 28 मिमीचे पुतळे, टोळीत पाच ते आठ जण, 3 बाय 3 फुटांचं टेबल. नियम पक्के आहेत. अनोळखी लोकांना नुसतं पुस्तक हातात देऊन खेळवून पाहिलं. फक्त जखमांच्या तक्त्यावर अडत होते, तो सोपा केला.

अडलंय पुतळ्यांवर. घरच्या रेझिन प्रिंटरवर (द्रव रेझिन घट्ट करून वस्तू बनवणारा 3D प्रिंटर) काढतो, पण सळई, अँटेना असे बारीक भाग कुरिअरमध्ये मोडतात. लवचिक रेझिन मिसळलं, भाग जाड केले. मोडणं कमी झालं, पण चेहऱ्यांची, कपड्यांची रेखीवता गेली, आणि ती मला सोडायची नाही. इंजेक्शन मोल्डिंगचा, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक ओतून पुतळे काढायचा, साचा परवडणारा नाही. किकस्टार्टरवर (लोकांकडून आधीच पैसे जमवायची वेबसाइट) भारतातून प्रकल्प टाकता येत नाही, परदेशात कंपनी काढायची नाही.

म्हणून आधी नियमांची पीडीएफ आणि एसटीएल फाइली (पुतळे घरी 3D प्रिंट करायच्या फाइली) विकाव्यात, खेळणारे जमले की दोन टोळ्यांचा बॉक्स काढावा, असं चाललंय. स्वतःचा गेम काढलेल्यांना विचारतो: फाइली घेतलेले लोक पुढे बॉक्सही घेतात का, की त्यांची गरज तिथेच भागते?